पीपलवाली कॉलनीचं पाणी

गुणवंत सोमकुवर भित्रे होते. हे त्यांच्या घरात, कचेरीत आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनीही ते कधी लपवलं नाही. कुत्रा दिसला की ते रस्ता बदलायचे. लिफ्टमध्ये एकटे चढायचे नाहीत. रजिस्टर्ड पत्र आलं तर पोस्टमनसमोर सही करताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा, आणि पाकीट उघडून आत नुसतं विम्याचं कॅलेंडर निघालं तरी पुढचा तासभर छातीत धडधड चालू राहायची. बायको सुमित्रा म्हणायची, "अहो, तुम्हाला भीती वाटायला काही लागतच नाही. भीती आधी येते, कारण तुम्ही मागाहून शोधता."

त्यांचे वडील विष्णू सोमकुवर सत्तावन्न साली भंडाऱ्याहून केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून दिल्लीला आले. गुणवंतराव पहाडगंजातच वाढले, तिथल्या मराठी शाळेत शिकले, पुढे बी.एस्सी. झाले. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी दोनच गोष्टी सांगितल्या. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, आणि वरच्या माणसाशी वाद घालायचा नाही. पंचवीस वर्षं गुणवंतरावांनी या दोन्ही गोष्टी पाळल्या. दोन्ही एका वेळी पाळणं अशक्य व्हावं असा दिवस तोवर आला नव्हता.

नोकरी होती गुडगावच्या पुढे, मानेसरच्या वाटेवर असलेल्या जोधगढी नावाच्या गावाच्या नगरपालिकेत. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. प्रयोगशाळा म्हणजे टाकीखालच्या दोन खोल्या. तिथे मात्र या माणसाचा हात कधी थरथरला नाही. गावातल्या नळांचे नमुने आणायचे, तपासायचे, निकाल वहीत लिहायचा. नमुना वाईट निघाला की त्या भागाचं पाणी दुपारच्या आत बंद व्हायचं. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे.

दोन हजार बारा साली नगरपालिकेने निम्म्या गावाचा पाणीपुरवठा एका खासगी कंपनीला वीस वर्षांसाठी चालवायला दिला. या व्यवस्थेला 'भागीदारी' म्हणायचं, असं सगळ्यांना बजावण्यात आलं. पाणी नगरपालिका देणार. नळ, पंप, दुरुस्ती आणि पाण्याची शुद्धता कंपनी बघणार. गटारं मात्र नगरपालिकेकडेच राहणार. टाकीखालच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं, कारण आता तपासणी कंपनीने ठरवलेल्या बाहेरच्या प्रयोगशाळेत होणार होती. गुणवंतरावांना नवं काम मिळालं. आठवडाभर कंपनीच्या माणसांबरोबर नमुने घेताना हजर राहायचं आणि शुक्रवारी शुद्धतेच्या तक्त्यावर नगरपालिकेच्या वतीने सही करायची.

कंपनीचा तिथला मॅनेजर निघाला पुण्याचा. श्रीरंग देवचक्के, वय पस्तीस-छत्तीस, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्याने खुर्ची पुढे ओढली. "काका, या दिल्ली भागात चार वर्षांत मराठी बोलायला माणूस मिळाला नव्हता. तुम्ही भेटलात, बरं झालं." गुणवंतरावांना तो आवडला. कामही त्याने चांगलं केलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे बायका टँकरमागे पळायच्या तिथे तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढू लागलं. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी माणूस यायचा. गुणवंतरावांची मुलगी मीनाक्षी लग्नानंतर याच भागात राहायला आली, तीसुद्धा या पाण्याच्या भरवशावर. तिचा नवरा अविनाश मानेसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. कारखान्याची बस पीपलवाली कॉलनीच्या तोंडाशी थांबायची, म्हणून त्या कॉलनीत सतबीर नावाच्या माणसाच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला. सतबीरची बायको रेणू आणि मीनाक्षी साधारण एका वयाच्या, आणि दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात दोघी एकदमच पोटुशा. मीनाक्षीला सहावा महिना, रेणूला आठवा.

त्या उन्हाळ्यात वरूनच पाणी कमी आलं. चोवीस तासांचा पुरवठा सकाळी दोन तासांवर आला. लोकांनी कुरकूर केली आणि बादल्या भरून ठेवायला लागले. गुणवंतरावांना त्याची वेगळीच काळजी वाटली. भरलेला नळ बाहेरचं काही आत घेत नाही. रिकामा नळ घेतो. आणि पीपलवालीत नळ नि गटार एकाच चरातून जात होते.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी कंपनीची जीप आली नाही. गुणवंतराव एकटेच पीपलवालीत गेले. पहिल्या घरच्या नळाचं पाणी त्यांनी नळीत घेतलं आणि औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असला की ते पिवळं होतं, थोडा असला तर फिकट. पाणी जसंच्या तसं राहिलं. थेंब जुने झाले असतील म्हणून त्यांनी दुसरी बाटली फोडली. पुन्हा तेच. दुसरं घर, तिसरं घर. नळी उन्हाकडे धरून ते गल्लीत उभे होते आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. घाण दिसली असती तर एवढी भीती वाटली नसती.

त्यांनी श्रीरंगला फोन लावला.

"काका, क्लोरीनचा पंप सकाळी बंद होता. संध्याकाळपर्यंत चालू होईल. डोन्ट वरी."

"पण टाकीजवळच्या नळाला क्लोरीन आहे, साहेब. मी येताना बघितलं. पंप बंद असता तर तिथेही नसता. इथे येईपर्यंत तो कशावर तरी खर्च होतोय."

मग श्रीरंग म्हणाला, "बघतो मी. तुम्ही वहीत लगेच काही लिहू नका. बिल्कुल नाही."

गुणवंतरावांच्या पिशवीत जुन्या प्रयोगशाळेतल्या काही बाटल्या पडून होत्या. बोटभर उंचीच्या, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेत ठेवायचं. पाण्यात मैला मिसळला असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. तीन घरांतून तीन बाटल्या त्यांनी भरल्या. चौथं घर सतबीरचं होतं. वर मीनाक्षी होती. ते तिथे चढले नाहीत. का, ते त्यांना तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. बाटलीत मुलीच्या घरचं पाणी बघायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

बाटल्या त्यांनी पहाडगंजच्या घरी आणल्या आणि कपड्यांच्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमित्रा इस्त्रीचे कपडे ठेवायला गेली आणि तिने हाक मारली.

"अहो, कपाटात शाई कशाला ठेवलीत?"

ते आले. दोन बाटल्या ठार काळ्या पडल्या होत्या. तिसरी करडी, बुडाकडून काळी होत येणारी.

"शाई नाही. पाणी आहे."

"कुठलं?"

सुमित्राने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हातातला शर्ट खुर्चीवर टाकला आणि हलक्या आवाजात विचारलं, "आपल्या मीनूच्या तिथलं?"

गुणवंतरावांना जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. पूर्वी एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलेलं ते वाक्य पंचवीस वर्षांत त्यांना कधी आठवलं नव्हतं, आणि आता डोक्यातून जात नव्हतं. मैल्याच्या पाण्यातून पसरणारी एक कावीळ असते. ती बाकीच्यांना महिनाभर झोपवते आणि सोडून देते. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला ती सोडेलच असं नाही. आणि ती लगेच दिसत नाही. पाणी पोटात गेल्यावर चार-पाच आठवडे ती गप्प बसते.

म्हणजे मीनाक्षीच्या अंगात ती आधीच असू शकत होती.

त्यांनी फोन करून तिला सांगितलं, नळाचं पाणी तोंडाला लावू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टॅक्सी घेऊन पीपलवालीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इतक्या लांबची टॅक्सी केली होती. मीनाक्षीने बॅग भरली, पण ती गोंधळलेली होती. "बाबा, सातव्यात तुमच्याकडे येणारच होते ना मी. एवढी घाई का?"

"चल तू. घरी बोलू."

जिन्याच्या खालच्या पायरीवर रेणू भाजी निवडत बसली होती. त्यांना बघून ती पदर सावरत उठली, आत गेली आणि ताटलीत पाण्याचा पेला घेऊन आली. "अंकलजी, दीदी को अभी से ले जा रहे हो? मेरा मन कैसे लगेगा?"

गुणवंतरावांनी पेला हातात घेतला. थंडगार, स्वच्छ पाणी. रेणू समोर उभी, एक हात कमरेवर, पोट पुढे आलेलं. त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. "अभी पिया है, बेटा," ते म्हणाले. मग पुटपुटले, "पानी उबालकर पिया करो. इस हालत में."

रेणू हसली. "अब तो कंपनी का पानी है, अंकलजी. बिल पर लिखा आता है, शुद्ध जल."

खरं सांगायला तोंड उघडायचं होतं तो क्षण हाच होता. गुणवंतरावांनी मान हलवली आणि बॅग उचलली. टॅक्सीत मीनाक्षी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

तिला घरी सोडून ते दुपारी कार्यकारी अभियंता तनेजा यांच्याकडे गेले. काळ्या बाटल्या रुमालात गुंडाळलेल्या होत्या. तनेजासाहेबांनी त्या हातात घेतल्या नाहीत, लांबूनच बघितल्या.

"पाइप कंपनीचा आहे," ते हिंदीत म्हणाले. "कंपनीला सांगा."

"सर, काल फोन केला तर कंपनी म्हणते गटार फुटलंय, आणि गटार आपलं आहे."

"गटार फुटलंय हे कोण म्हणतं? लेखी दिलंय त्यांनी?"

"नाही, सर."

"मग तुम्ही का लेखी देता? सोमकुवर, नीट ऐका. आपण लिहिलं की पाणी दूषित आहे, तर कंपनी म्हणेल कारण गटार आहे, म्हणजे दोष नगरपालिकेचा. कंपनीने लिहिलं तर आपण म्हणू पाइप गळतोय. म्हणून दोघंही लिहीत नाहीत. पुढच्या महिन्यात संयुक्त बैठक आहे, तिथे मांडू."

"सर, तोवर लोक पाणी पितायत."

तनेजासाहेबांनी फाइल ओढली. बोलणं संपलं होतं.

शुक्रवारी श्रीरंगच्या केबिनमध्ये तक्ता टेबलावर ठेवलेला होता. पीपलवालीपुढे लिहिलं होतं: समाधानकारक. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडलेला होता.

"हा नमुना टाकीच्या तोंडाचा आहे," गुणवंतराव म्हणाले.

"करारात 'वितरण क्षेत्रातला' एवढंच लिहिलंय, काका. टाकी वितरण क्षेत्रातच आहे." श्रीरंगने चहा मागवला. त्याचा आवाज अजून गोडच होता. "तुमच्या बाटल्यांचं मला तनेजासाहेब बोलले. बघा, मी तुम्हाला घरचा माणूस समजून सांगतो. कुलूप लागलेल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या बाटल्या, घरच्या कपाटात ठेवलेल्या. उद्या कुणी विचारलं, हे सामान घरी कसं नेलं, तर? दोन वर्षं राहिली तुमची निवृत्तीला. मी माणसं लावलीयत, गळती शोधतोय. आठ दिवसांत सापडेल. आठ दिवस कळ काढा."

धमकी होती की सल्ला, ते गुणवंतरावांना ठरवता येईना. तळहात घामाने भिजले होते, पेन निसटत होतं. समोरचा माणूस हसत होता आणि त्या हसण्याचीच त्यांना भीती वाटत होती. चौकशी, पोलीस, पेपरात नाव, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून गेलं. वडिलांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक त्यांनी त्या टेबलावर मोडली.

त्यांनी सही केली.

पुढचे सहा दिवस हा माणूस जगला कसा, ते सुमित्राच सांगू शकेल. रोज सकाळी मीनाक्षी उठली की ते तिला खिडकीपाशी उजेडात उभं करायचे. "वर बघ. आता खाली." डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे ना, एवढंच त्यांना बघायचं असायचं. बघून झालं की दहा मिनिटं बरी जायची. मग वाटायचं, उजेड कमी होता. ते पुन्हा हाक मारायचे. मीनाक्षीला एकदा उचकी लागली तर हे मोरीच्या दाराशी जाऊन उभे, उलटी होतेय की काय म्हणून. वरणातली हळद हाताला लागली तरी दचकायचे.

चौथ्या दिवशी मीनाक्षीने विचारलं, "बाबा, रेणूला सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं. उकळून पी म्हटलं."

"का, ते सांगितलंत?"

मीनाक्षीने तिथेच फोन लावला. बोलणं दोनच मिनिटं झालं. फोन ठेवताना तिचा चेहरा उतरला होता.

"तिला तीन दिवस ताप आहे. अन्नाचा वाससुद्धा सहन होत नाही. दवाखान्यात न्या म्हटलं, तर सतबीरभाई म्हणतायत ऊन लागलं." ती भिंतीला टेकून खाली बसली. "तुम्ही मला उचलून आणलंत, बाबा. तीही त्याच जिन्यावर होती."

एवढंच ती बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी गुणवंतराव पीपलवालीत पोचले तेव्हा सतबीरच्या दारात ऑटो उभी होती. सतबीर आणि त्याची आई रेणूला धरून बाहेर आणत होते. तिने गुणवंतरावांकडे बघितलं, पण ओळखलं नाही. तिच्या डोळ्यांत पांढरं काही उरलं नव्हतं. हळदीत बुडवून काढल्यासारखे ते डोळे. ऑटो गेली. गल्लीत पाण्याची वेळ होती. दारोदारी नळ चालू होते, बायका भांडी भरत होत्या आणि एक म्हातारा ओंजळीने पाणी पीत होता.

इथून निघून जावं, मेट्रो पकडावी, घरी जाऊन अंथरुणात शिरावं, असं गुणवंतरावांना शरीराच्या कणाकणातून वाटत होतं. पण घरी मीनाक्षी होती. तिच्यासमोर पुन्हा उभं राहायची भीती गल्लीतल्या भीतीपेक्षा मोठी निघाली. धैर्य वगैरे काही नव्हतं. ते पुढे अनेकांना हेच सांगत राहिले.

कोपऱ्यावर मंदिर होतं आणि मंदिराला भोंगा होता. त्यांनी पुजाऱ्याला पिशवीतल्या काळ्या बाटल्या दाखवल्या आणि तीन वाक्यांत सांगितलं. पुजाऱ्याने काही न विचारता माइक त्यांच्या हातात दिला. त्याच्या घरातही दोन माणसं तापाने पडली होती.

"मैं नगरपालिका का आदमी हूँ," गुणवंतराव म्हणाले. भोंग्यातून आलेला स्वतःचा कापरा आवाज ऐकून ते आणखीच घाबरले. "नल का पानी मत पीजिए. इसमें नाली का पानी मिल रहा है. जिनके घर में गर्भवती हैं, वे आज ही डॉक्टर के पास जाएँ. पानी मत पीजिए."

पाच मिनिटांत शंभर माणसं जमली. आधी प्रश्न आले, मग आवाज चढले. एका आडदांड माणसाने पुढे येऊन त्यांची कॉलर धरली. "तू तो वही है ना, जो हर हफ्ते नमूना लेने आता है? दस्तखत कौन करता है?"

"मैं ही करता हूँ."

"पिछले हफ्ते भी?"

"हाँ. पिछले हफ्ते भी."

कानफटात बसली. चष्मा उडाला. दुसरा हात उठला तेव्हा पुजारी मध्ये पडला. गुणवंतराव मंदिराच्या पायरीवर डोकं हातांत धरून बसून राहिले. मार लागल्याचं दुःख त्यांना झालं नाही. जमाव पांगून नळ बंद करायला धावला, ते चष्म्याविना धूसर दिसत होतं, तेवढंच ते बघत राहिले.

दुपारी कंपनीने पोलिसांत तक्रार दिली, अफवा पसरवल्याची. संध्याकाळी निलंबनाचा कागद आला. चौकीत त्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि कुणी काही विचारलं नाही. श्रीरंगचा फोन आला. यावेळी तो 'काका' म्हणाला नाही. "मिस्टर सोमकुवर, तुम्ही स्वतःचं वाटोळं केलंत. माझंही केलंत."

पण आता जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला गप्प बसता येईना. सोमवारी मंदिरामागची गल्ली खोदली. वर्षभरापूर्वी दिलेल्या एका नव्या जोडणीचा सांधा गटाराच्या आत बुडालेला सापडला. सांधा कंपनीचा, गटार नगरपालिकेचं. खड्ड्याच्या दोन्ही कडांना दोघांचे इंजिनिअर उभे होते आणि एकमेकांकडे बोट दाखवत होते. त्या महिन्यात पीपलवालीत एकशे बारा जणांना कावीळ झाली. भोंग्यानंतर सहा गरोदर बायका तपासणीला गेल्या. दोघींना लागण झाली होती. वेळेवर दाखल केल्याने त्या वाचल्या.

रेणू गेली. दवाखान्यात नेल्यापासून पाचव्या दिवशी तिची शुद्ध हरपली आणि सातव्या दिवशी ती गेली. मूलही राहिलं नाही.

ही बातमी अविनाशने आणली. सुमित्राने मीनाक्षीला धरून ठेवलं. गुणवंतराव उठून गच्चीवर गेले आणि भर दुपारच्या उन्हात टाकीच्या सावलीला बसले.

मीनाक्षीचं रक्त दोनदा तपासलं. दोन्ही वेळा निकाल हातात येईपर्यंत गुणवंतरावांनी अन्नाला स्पर्श केला नाही. ती सुटली होती. तरी डॉक्टरांनी सांगितलेला आठ आठवड्यांचा काळ संपेपर्यंत ते रोज तिचे डोळे बघत राहिले, आणि मीनाक्षी खिडकीपाशी येऊन उभी राहत गेली. ऑगस्टच्या शेवटी हिंदूराव हॉस्पिटलमध्ये तिला मुलगी झाली. नर्सने बाळ हातात दिलं तेव्हा यांनी आधी त्याच्या पापण्या उघडून बघायचा प्रयत्न केला. नर्स रागावली.

चौकशी समिती ऑक्टोबरमध्ये बसली. नगरपालिकेच्या वकिलाने त्यांना आधीच समजावून ठेवलं होतं. म्हणा की घरच्या बाटल्यांची खात्री करून घ्यायची होती, म्हणून आठवडाभर थांबलो. शास्त्रीय कारण आहे, कुणी खोडू शकणार नाही. समितीत एक वयस्क डॉक्टर होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"बुधवारी तुम्हाला कळलं. सांगितलंत पुढच्या गुरुवारी. मधल्या शुक्रवारी सही केलीत. का?"

मागच्या बाकावर सतबीर बसला होता. गुणवंतरावांनी वळून बघितलं नाही. "भीती वाटली," ते म्हणाले.

"कुणाची?"

"सगळ्यांची, मॅडम."

टंकलेखकाने मान वर करून विचारलं, हेच लिहू का? डॉक्टर म्हणाल्या, लिहा.

बैठक संपल्यावर त्याच डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. हा रोग महिनाभर आधी अंगात शिरतो, रेणूला त्याची लागण एप्रिलमध्येच झाली असणार, त्या एका आठवड्याने तिच्या बाबतीत काही बदललं नसतं, असं त्यांनी सांगितलं. गुणवंतरावांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि दवाखान्यात ती एक आठवडा आधी गेली असती तर?" डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

डिसेंबरात निलंबन मागे घेतलं. भागीदारी मोडली नाही, करारात फक्त काही कलमं बदलली. नमुना घराच्या नळावरचाच घ्यायचा, आणि नगरपालिकेने तो स्वतः तपासायचा. टाकीखालच्या खोल्या पुन्हा उघडल्या. श्रीरंगची बदली झाली, तनेजासाहेबांना बढती मिळाली. गुणवंतरावांनी उरलेली नोकरी तिथेच केली. भित्रेपणा गेला नाही. लिफ्टमध्ये ते अजूनही एकटे चढत नसत.

मीनाक्षी पीपलवालीत परत गेली नाही. अविनाशने मानेसरला खोली बघितली. जानेवारीत जुन्या घरातलं सामान हलवायचं होतं आणि अविनाशची कारखान्यात पाळी होती, म्हणून गुणवंतराव गेले. जिन्याशी ते कितीतरी वेळ थांबले. सतबीर आतून आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. टेम्पोवाल्याने लहानसहान सामान खाली नेलं. उरला लोखंडी पलंग. तो एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. सतबीरने एक बाजू धरली, गुणवंतरावांनी दुसरी.

जिना अरुंद होता. गुणवंतराव पाठमोरे उतरत होते आणि त्यांना मागचं दिसत नव्हतं.

"संभलके, अंकल," सतबीर म्हणाला. "आगे मोड़ है."

ते थांबले, पायाने पायरी चाचपली आणि पलंग हळूच वळवला.